घरी ये

१

कोळ्याच्या घरात जन्मून ज्याला माशाच्या वासाने मळमळतं, त्याने रेवदंड्यात राहायचं तरी कसं? विनेश राहत होता, पण नाकाला रुमाल लावून. गावातल्या बायका सोनूबाईला चिडवत, की तुझा पोरगा म्हावरं खातो ताटभर, पन हात लावायला सांगितला तर पळतो. सोनूबाई हसायची. विनेश हसत नसे. आयटीआय करून तो रोह्याच्या एका कारखान्यात फिटर झाला होता, आणि घरी आला की आधी लिंबाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा.

घराच्या मागे, अंगणापलीकडे, एक बंद पडवी होती. बापाच्या काळात तिथे जाळी आणि खारवलेल्या माशांची पिंपं असायची. बाप गेला, बोट विकली, पिंपं गेली, पण भिंती काही वास सोडेनात. विनेशने तीनदा चुना मारला, फरशीवर फिनेल ओतलं. कोळसा उगाळावा तितका काळाच. शेवटी त्याने नाद सोडला आणि तिथेच आपलं मशीन मांडलं.

लाकूड कोरायचं छोटं मिलिंग मशीन होतं ते. खाली दोन वीत रुंद, तीन वीत लांब अशी अॅल्युमिनियमची पाटी, वर फिरणारं स्पिंडल, आणि ते डावं-उजवं, मागं-पुढं, खाली-वर नेणाऱ्या तीन मोटरी. दोन वर्षं सुटे भाग जमवून त्याने ते उभं केलं होतं. राहिला होता तो फक्त कंट्रोलर, म्हणजे मोटरींना हुकूम देणारा तळहाताएवढा बोर्ड. तो दिवाळीनंतर आला आणि विनेशने आठवडाभर रजा टाकली.

कारण साधं होतं. पूर्वी, त्याची बायको, बाळंतपणासाठी दिघीला माहेरी गेली होती. अडीच महिन्यांच्या मृणालला घेऊन ती भावाबरोबर, साहिलबरोबर, शुक्रवारी परत यायची होती. पुढच्या खोलीत सागवानी पाळणा टांगून तयार होता. एका बाजूची फळी तेवढी मोकळी होती. त्या फळीवर लेकीचं नाव बापाच्या मशीनने कोरलेलं असावं, एवढीच त्याची हौस.

सोमवारी सकाळी पडवीत जाता जाता त्याने सहज पाळण्याला झोका दिला.

"रिकामा पालना हलवू नये रं!" सोनूबाई चुलीकडून ओरडली.

त्याने कडी धरून पाळणा थांबवला. आईशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

२

असलं मशीन चालू केलं की त्याला स्वतःचा ठावठिकाणा माहीत नसतो. म्हणून आधी ते एका कोपऱ्यात जातं, तिथली तीन बटणं दाबतं आणि मग त्याला कळतं, की आपण इथे आहोत. त्या कोपऱ्याला घर म्हणतात. लॅपटॉपवरच्या साऱ्या कळांना विनेशने मराठी नावं दिली होती. या कळेवर त्याने लिहिलं होतं, "घरी जा".

चहा घेऊन आलेल्या सोनूबाईने पडद्यावरची अक्षरं एकेक करून वाचली. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण वाचल्याशिवाय ती पुढे सरकत नसे.

"जा? घरातल्या वस्तूला कोन जा म्हनतं?"

"आये, मशीन आहे ते."

"असूं दे. तुजा बापूस दर्यावर निघायचा तवा येतो म्हनायचा. कवा जातो न्हाय म्हनला. जा म्हनलं की जानारं जातं. ये म्हन."

विनेशने हसत "जा" खोडून "ये" केलं. आईचं मन राखायला एक अक्षर बदलायचं, त्यात काय मोठं? वर त्याला एक कल्पना सुचली. मशीन हलण्याआधी इशारा हवा, नाही तर कुणाचा हात मध्ये सापडायचा. नुसत्या बीपपेक्षा आईचाच आवाज का नको? त्याने फोन तिच्या तोंडाशी धरला.

सोनूबाईने पदर नीट केला, घसा खाकरला. "कुनाला बोलावू? नाव काय घेऊ?"

"नाव कशाला? नुसतं म्हण."

नातीसाठी महिनोन्महिने राखून ठेवलेला आवाज तिने काढला. "ये. घरी ये."

एवढा गोड आवाज विनेशने तिच्या तोंडून लहानपणानंतर ऐकला नव्हता. त्याने तो छोट्या स्पीकरला जोडला. कळ दाबली, आई बोलली आणि मशीन डुलत कोपऱ्यात गेलं. सोनूबाईने टाळ्या वाजवल्या.

३

दुपारी त्याने पाटीची पातळी मोजायला घेतली. यात डोकं लावण्यासारखं काही नाही. एक वायर पाटीला चिमट्याने लावायची, दुसरी स्पिंडलमधल्या टोकदार बिटला, म्हणजे कोरणाऱ्या पात्याला. बिट हळूहळू खाली येते. पाटीला टेकली की सर्किट पुरं होतं, कंट्रोलरला कळतं आणि मशीन जागीच थांबतं. पडद्यावर उंची येते. पाटीला टेकली तर शून्य.

बिट खाली आली आणि पाटीच्या वर, हवेत थांबली. पडद्यावर आलं, बारा मिलिमीटर.

विनेशने वायरी पाहिल्या, चिमटा घासला, पुन्हा केलं. बारा. पाटीच्या कडेला केलं तर शून्य. मधोमध बारा. त्याने अलिबागला सुजितला फोन लावला. सुजितचं वायरिंगचं दुकान होतं आणि असल्या उद्योगांत तोच एक साथीदार.

"मोटरीची वायर आणि ही वायर शेजारी गेली असेल," सुजित म्हणाला. "वेगळी काढ. आणि तुमची खारी हवा, बाबा. खारं पाणी म्हणजे तारच. ओल असेल तिथं सर्किट जुळणार."

पटण्यासारखं होतं. विनेशने सगळ्या वायरी सोडवून पुन्हा बांधल्या, पाटी कोरडी पुसली. मग बंद-चालू केलं. प्रत्येक वेळी आधी मशीनला घरी आणावं लागतं, त्याला इलाज नाही. "ये. घरी ये."

आता एकतीस आलं.

बिट वर घेतली तेव्हा तिच्या टोकाला ओल दिसली. त्याने कापसाने टिपली. कापूस वर उचलला तर कापूस आणि बिट यांच्यामध्ये भेंडीच्या चिकासारखी तार लांबत गेली, वीतभर, आणि तुटेना. त्याने कापूस टाकला आणि लगोलग मोरीत जाऊन हात धुतले. पुन्हा धुतले. तरीही बोटांना वास होताच.

मासा नव्हता तो. माशाचे सगळे वास त्याला पाठ होते, नावडत्या माणसाचा चेहरा पाठ असावा तसे. हा खाडीच्या गाळाचा होता, आणि त्यात काहीतरी आंबट होतं. फडक्यावर सुकलेल्या दुधासारखं.

४

मंगळवारी तो निर्धाराने बसला. ग्रीस असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. बेअरिंगचं ग्रीस उन्हाने पातळ होतं, ओघळून बिटवर येतं, त्यात चुन्याची धूळ मिसळते. तार त्याची. वास भिंतीचा. आणि उंची चुकते ती ओलीने. तिन्ही गोष्टींना तीन कारणं होती आणि तिन्ही चांगली होती. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नव्हता.

त्याने बेअरिंग उघडलं. ग्रीस घट्ट होतं, पिवळं, स्वच्छ.

मग त्याने हात घातला. बिट जिथे थांबत होती त्याच्या खाली, मोकळ्या हवेत, पाटीपर्यंत. काही नव्हतं. हात आरपार गेला, पाटीला टेकला. आपल्याच मूर्खपणाचं त्याला हसू आलं. हात बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत ओला होता. हातावरची लव एका दिशेने चिकटून बसली होती, गाईने चाटल्यावर बसते तशी.

तो अंगणात ओकला. सकाळचा चहा, पोहे, सगळं. सोनूबाई धावत आली, तिने त्याची पाठ चोळली.

"पडवीत वास येतो का गं तुला?" त्याने विचारलं.

ती दारापर्यंत गेली, तिने हुंगलं आणि तिचा चेहरा निवळला. "येतो की. बाळंतिणीच्या खोलीचा येतो तसा. चांगला वास हाय."

त्याला तिचीही किळस आली. आईची किळस यावी याची लाजही वाटली. पण आली होती, ते खोटं कसं म्हणायचं?

५

खरं म्हणजे त्याने मशीन तसंच सोडून द्यायला हवं होतं. फळी हाताने कोरता आली असती. पण फिटरचा जात्याच एक दोष असतो. माप चुकतं म्हटलं की त्याला झोप लागत नाही. बुधवारी त्याने ठरवलं, एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजायचं. वायरीचा दोष असेल तर आकडे कसेही उड्या मारतील. दोष नसेल तर आकडा एकच येईल.

"ये. घरी ये." मशीन कोपऱ्यात गेलं, मग मधोमध आलं. बिट खाली, टेकली, वर. खाली, टेकली, वर. पडद्यावर आकडे एकाखाली एक येऊ लागले.

अठ्ठावन्न. एकसष्ट. अठ्ठावन्न. एकसष्ट. अठ्ठावन्न.

उड्या नव्हत्या. एकच आकडाही नव्हता. वर जात होतं आणि खाली येत होतं, एका लयीत. बिट टेकताना दर खेपेला बारीकसा आवाज व्हायचा, ओठ सुटल्यासारखा. पिच. विनेश पाहत राहिला. बराच वेळ गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की एकसष्ट येतं तेव्हा आपली छाती भरलेली असते आणि अठ्ठावन्नला रिकामी. त्याने श्वास रोखून धरला.

अठ्ठावन्न. एकसष्ट. अठ्ठावन्न.

त्याने वीज बंद केली आणि लॅपटॉपही मिटला. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या अंगणात बायका बोंबील वाळत घालताना मोठमोठ्याने बोलत होत्या. जन्मात पहिल्यांदा त्याला तो वास बरा वाटला. तो त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि बायका त्याच्याकडे बघतच राहिल्या.

६

गुरुवारी सकाळी त्याने शेवटचं काम केलं, सगळ्या पाटीचा नकाशा. तीन-तीन सेंटिमीटरवर बिट टेकवत जायचं आणि उंचीचे आकडे घ्यायचे. लॅपटॉप त्यातून उंचसखल चित्र काढतो. डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही त्याला निदान आकार तरी असेल, असा त्याचा हिशेब. नसेल तर सुजितचं म्हणणं खरं, मग पडवीला ओल आहे म्हणून मशीन दुसरीकडे हलवायचं. काहीही असो, उद्या लेक यायच्या आत घर स्वच्छ हवं होतं. असल्या वासात तो तिला आणणार नव्हता.

"ये. घरी ये."

अर्धा तास पिच, पिच चाललं. विनेश नाकाला रुमाल बांधून दारात उभा होता. बिटवरून चिकाच्या तारा लोंबत होत्या आणि हवेतच कुठेतरी टेकून थांबत होत्या. पाटीपर्यंत एकही पोचत नव्हती.

चित्र पुरं झालं तेव्हा त्याने आधी एका डोळ्याने पाहिलं. एक गोल, गुळगुळीत उंचवटा. त्याला लागून लांबट वाक, मधे खळग्यांची ओळ. खाली दोन जाड घड्या, पोटाशी ओढून घेतलेल्या. डाव्या कडेला आकार तुटला होता, कारण तिथे पाटीच संपली होती. म्हणजे बाकीचं पाटीच्या बाहेर होतं.

"अगं बाय," मागून सोनूबाई म्हणाली. ती कधी आली ते त्याला कळलंच नव्हतं. "किती गाढ झोपलंय. गुडघं पोटाशी घेतलेत बघ."

"आये, ती चूक आहे. मशीनची चूक आहे."

"एवढं मोठं डोकं," ती कौतुकाने म्हणाली. "कुनाचं हाय रं?"

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा, पूर्वीचा होता; तिच्या आवाजामागे वारा होता. "अहो, साहिलला उद्या सुट्टी नाही, म्हणून आम्ही आजच निघालो. तो सोडायला येतोय. तरीतून खाडी ओलांडून आत्ता आगरदांड्याला उतरलो, रिक्षाही मिळाली. मृणाल झोपलीय. पाळणा तयार आहे ना?"

"आहे," विनेश म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

७

आगरदांडा ते रेवदंडा रिक्षाने तास-सव्वा तास. आईला त्याने पुढच्या खोलीत पिटाळलं, पडवीत आला, दार लावलं.

आता त्याने कारणं शोधली नाहीत. चार दिवस तो काय करत होता, ते एकदम त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. नाव न घेता, गोड आवाजात, दिवसातून दहा-दहा वेळा तो कुणालातरी घरी बोलावत होता. पहिल्यांदा बारा मिलिमीटर आलं. मग एकतीस. जितक्या वेळा बोलावलं तितकं ते आलं. आणि आई म्हणाली होती, जा म्हटलं की जाणारं जातं.

आईचा आवाज त्याने पुसून टाकला. फोन तोंडाशी धरला. वासाने ओकारीचं पाणी तोंडात येत होतं, ते गिळत त्याने कळेवरचं "ये" खोडून पुन्हा "जा" केलं, आणि कळेवर होतं तेच, जमेल तेवढ्या करड्या आवाजात वाचलं.

"जा. घरी जा."

कळ दाबली. त्याचा आवाज पडवीत घुमला. मशीन कोपऱ्यात गेलं आणि थांबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाटी एका बाजूने करकरली, वजन सरकल्यासारखी, आणि फरशीवर काहीतरी पडलं. धुण्याचं ओलं बोचकं पडावं तसा आवाज. त्यानंतर घासण्याचा, थांबत थांबत. तो त्याच्या पायांजवळून गेला. उजव्या पायाच्या बोटांवरून काहीतरी गार, मऊ ओढत गेलं आणि दाराची फट पुरेशी मोठी नसतानाही तिच्याखालून बाहेर पडलं.

विनेश भिंतीला पाठ लावून उभा होता. किंचाळायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि त्या वासात त्याला तोंड उघडायचं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने पाटी मोजली. मधोमध शून्य. चारी कोपऱ्यांत शून्य. तो हमसून हमसून रडला, मग बादलीभर फिनेल ओतून पडवी घासली, अंगणातल्या नळाखाली बसून लिंबाच्या साबणाने पायापासून केसांपर्यंत अंग घासलं. पाय तर तीनदा. कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. फळी उद्या कोरू, आता मशीन कसं शहाण्यासारखं चालेल, असा विचार करत त्याने धुतलेला शर्ट चढवला.

अंगण ओलांडताना त्याला फरशीवर ओला पट्टा दिसला. तो आपल्याच आंघोळीचा असणार, असं म्हणत तो चार पावलं चालला. पण पट्टा नळाकडून आलेला नव्हता. पडवीच्या दाराकडून आला होता आणि मागच्या उंबऱ्यावरून घरात गेला होता. घरी जा, असं त्याने बजावून सांगितलं होतं. दुसरं कुठलं घर इथे होतं?

दारावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. साहिल भाडं देत होता, पूर्वी उतरता उतरता हाक मारत होती, "आई, हिला घ्या हो, हात अवघडले माझे."

पुढच्या खोलीत आंबट दुधाचा वास दाटला होता. सोनूबाई खाली मांडी घालून बसली होती, हातात पाळण्याची दोरी. तुळईतल्या कड्या करकरत होत्या. पाळणा जिथे टांगला होता त्याच्यापेक्षा हातभर खाली आला होता, आणि त्याच्या तळाच्या पट्ट्यांमधून जमिनीवर एक तार लोंबत होती. ती तुटत नव्हती.

"आये," विनेश म्हणाला. आपला आवाज त्याला ओळखू येईना. "आये, दोरी सोड. रिकामा पाळणा हलवू नये, तूच सांगतेस ना."

सोनूबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"रिकामा कुठं हाय?"